ताडोबाच्या तळ्याकाठी, उसन्या पलंगावर

आधी खिशातला मोबाईल काढून ठेवा आणि त्या जागी एक कांदा ठेवा. चांगला मोठा, लाल, सालासकट. हसू नका. आपण चैत्रात चांद्याला निघालो आहोत. तिथल्या उन्हात खिशात कांदा नसलेला माणूस दिसला, तर रस्त्यातली कुठलीही म्हातारी त्याला थांबवून आपल्या ओच्यातला काढून देईल. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळा, कान नीट झाका. होल्डॉलमध्ये चादर आणि उशीचा अभ्रा घ्या. पिशवीत दोन दिवसांचा शिधा भरा: तांदूळ, तुरीची डाळ, तेल, तिखट, मीठ, साखर, चहा, चार वांगी. टॉर्चचे सेल विसरू नका. जिथे जातोय तिथे दुकान नाही.

साल साधारण १९६२. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झालीत. गाडी थांबते, तुम्ही डब्याच्या दाराचा दांडा धरता आणि चटका बसून हात मागे घेता. फलाटावरच्या पाटीवर नाव आहे ‘चांदा’. जिल्ह्याचंही नाव तेच, आणि तो पार गोदावरीपर्यंत पसरलेला. गडचिरोली त्यातून वेगळा जिल्हा व्हायला अजून वीस वर्षं आहेत.

उतरलात की गर्दी तुम्हाला उचलूनच नेते. महाकालीची चैत्रातली यात्रा भरली आहे. नांदेड-परभणीकडून आलेली माणसं डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं आणि कपाळभर हळद-कुंकू घेऊन झरपट नदीकडे निघाली आहेत. डफ वाजतोय. कुणी पोतराज कोरडा उगारतो, त्याचा फटका हवेत फुटतो आणि तुम्ही दचकून मागे सरता तो एका आजीच्या पायावरच. आजी चिडत नाही. ‘‘जा माय, जा पुढं,’’ म्हणते आणि तिचा हळदीचा हात तुमच्या दंडाला लागतो. घाम, हळद, इंजिनाचा धूर, कोळसा, जळलेल्या नारळाच्या शेंड्या, सगळ्यांचा मिळून एकच वास होतो. जटपुरा वेशीची कमान आली की दोन पावलं तिच्या सावलीत थांबा. गोंड राजांच्या परकोटाचा दगड इतका जाड आहे की बोगद्यातून वारा आल्यासारखं वाटतं. एवढा एक घोट गारवा घ्या. पुढे बराच वेळ मिळणार नाही.

आता कागद. बंगल्यात राहायचं तर विभागीय वनाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून परवाना हवा. बाबूंच्या टेबलावर पेपरवेट म्हणून सागाच्या फांदीचा गोल तुकडा आहे. ते चष्म्यावरून पाहतात. किती जण? किती रात्री? कशाकरता? ‘‘जंगल पाहायला’’ हे उत्तर ते नीट लिहून घेतात, पण त्यांना ते थोडं अपुरं वाटलेलं दिसतं. खाली कार्बन घातलेला कागद टाइपरायटरवर चढतो. खटखट करत अटी उमटतात. शिधा आपला. भांडी फुटली तर भरपाई. आणि सरकारी कामावर आलेला अधिकारी दारात उभा राहिला तर खोली रिकामी करून द्यावी लागेल.

ही शेवटची अट वाचून नाराज होऊ नका. हा बंगला तुमच्यासाठी बांधलेलाच नाही. तो बांधला आहे दौऱ्यावरच्या साहेबासाठी, म्हणजे झाडं मोजणाऱ्या, कूप आखणाऱ्या, वणव्याच्या जाळरेषा तपासणाऱ्या माणसासाठी. तो नसतो तेव्हा त्याचा पलंग तुम्हाला उसना मिळतो. मला या साऱ्या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत आवडते. आपण इथले मालक नाही, गिऱ्हाईकही नाही, हे त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं असतं.

चला, जीप आली. पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागळ टांगली आहे, तिच्यातून थेंब थेंब झिरपतोय. चालणाऱ्या वाऱ्यात पाणी गार होत जातं. बसा मागे, पोत्यावर. दुपट्टा आता नाकावरही घ्या, कारण दुर्गापूर सुटलं की मुरमाचा रस्ता सुरू होतो आणि आपल्या चाकांनी उडवलेली धूळ वळणावर आपल्यालाच येऊन गाठते. दातांत कचकच. डोळ्यांच्या कडांना लाल रेघ. ४२-४३ अंशांची हवा तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशी येते.

आणि तरी पाहा. पळस फुलून जवळजवळ संपला आहे, पण कुसुमाला नवी पालवी आली आहे. ती इतकी लालबुंद की लांबून तीही फुलंच वाटावीत. सागाची पानं पार गळून गेलीत, खाली त्यांचा वीतभर थर. चितळांचा कळप त्यावरून पळाला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. मधूनच एखादं कढईचं झाड, पांढरंफटक, उघडंवाघडं. संध्याकाळी ते दिसलं की इथली पोरं त्याला भूत म्हणतात. मोहर्लीच्या पुढे रस्त्याच्या कडेला दगडी खांब लागतात, एकामागून एक, ठरावीक अंतरावर. गोंड राजाची स्वारी तळ्याकडे निघाली की या खांबांवरून ओढलेल्या दोराला बांधलेल्या घंटा वाजत आणि वर्दी पुढे पोचत असे, असं सांगतात. जीप थांबवा आणि एका खांबाला हात लावा. उन्हाने तापलेला आहे, पण ज्या बाजूला सावली आहे तिथे मुंग्यांची रांग चालली आहे. त्यांना राजा गेल्याचं कुणी कळवलेलं दिसत नाही.

नाक्यावर चोपड्यात सही. शिपाई आडवा बांबू वर उचलतो आणि जंगल एकदम जवळ येतं. हे ११६ चौरस किलोमीटरचं रान १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सर्वांत जुनं. पण अजून कुणी इथे ‘सफारी’ म्हणत नाही. म्हणतात, ‘‘ताडोब्याला चाललो.’’ देवाला चालल्यासारखं.

बंगला दिसतो तो अचानक, झाडांच्या सावलीत. मध्य प्रांताच्या काळातल्या अशा बंगल्यांचा साचा एकच असतो. एक पाहिलात की अंधारातही दुसऱ्यात चुकणार नाही. हातभर जाड भिंती, त्यांवर चुना. वर कवेलू, मधली उंची इतकी की खोलीत अजून एक खोली मावावी. समोर लांबरुंद व्हरांडा आणि त्यात ती खुर्ची, जिचे हात पुढे फिरवले की त्यांवर पाय टाकता येतात. मधोमध जेवणाची खोली, दोन्ही बाजूंना निजायच्या खोल्या, त्यांना लागून न्हाणी. स्वयंपाकघर मात्र मागे, वेगळं, पंधरा-वीस पावलांवर. धूर आणि आग मुख्य घरापासून लांब असावी म्हणून.

चौकीदार पायरीवर उभा आहे. खाकी शर्ट, खाली धोतर, पाय अनवाणी. तुमचा परवाना तो घेतो, उलटा-सुलटा करून पाहतो आणि जपून खिशात ठेवतो.

‘‘या जी. पयले पानी प्या.’’

पहिला प्रश्न नाव-गाव नाही, किती दिवस नाही. पाणी. घडवंचीवर माठ आहेत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले. पितळी लोटा तोंडाला लावा. पाण्याला मातीचा वास आहे आणि खाली वाळ्याचा. घशातून उतरताना ते कुठवर गेलं हे बोट ठेवून सांगता येईल.

आत या. डोळ्यांना काही क्षण काही दिसणार नाही. बाहेर भट्टी आणि आत अंधारं, गार पोट. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आहेत. त्यांवर दर तासाला पाणी मारलं जातं आणि गरम वारा त्यांतून गाळून आत येतो, ओला आणि सुगंधी. नवारीचे पलंग, खांबांना मच्छरदाण्या वर गुंडाळून बांधलेल्या. भिंतीवर सांबराची शिंगं, त्यांवर धूळ. मोठा काळपट आरसा, ज्यात तुमचा चेहरा पाण्यात पाहिल्यासारखा हलतो. वीज नाही. कोनाड्यात कंदील, त्याची काच राखेने घासून चकचकीत केलेली.

छताकडे पाहा. दोन लोखंडी कड्या आहेत ना? आणि समोरच्या भिंतीत वर एक भोक, आत पितळेची नळी, घासून घासून गुळगुळीत झालेली. त्या भोकाला डोळा लावा. स्टूल घ्या, चढा. मी धरतो.

आता तुम्ही आणखी तीस-पस्तीस वर्षं मागे पाहताय. दुपार अशीच आहे. खोलीत कापडी झालरीचा लांबलचक पंखा कड्यांना टांगून हेलकावे घेतोय. त्याची दोरी या नळीतून मागच्या पडवीत गेली आहे. तिथे भिंतीला टेकून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा बसला आहे. दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. पाय पुढे, पाय मागे. त्याच्या डोक्यावर पंखा नाही, कवेलूही नाही, झावळ्यांची ताटी आहे, तिच्यातून उन्हाचे ठिपके त्याच्या पोटावर पडलेत. तो वनग्रामातला आहे. वनखात्याने जंगलाच्या पोटात वसवलेलं गाव, कसायला जमिनीचा तुकडा दिलेला, आणि त्या बदल्यात घरातल्यांनी खात्याच्या कामाला हजर राहायचं. झाडतोड, जाळरेषा, रस्ते, आणि साहेब आला की बंगल्याचं पाणी, सरपण, पंखा. आत कुणीतरी घोरतंय. पोराचे डोळे मिटत येतात. पाय मात्र चालतोच आहे.

उतरा खाली. आज दोरी नाही, पंखा नाही, पण नळीची ती झिलई पुसली जाणार नाही. न्हाणीच्या मागच्या भिंतीत एक बुटकं दार आहे, तेही पाहून घ्या. बाहेरून उघडणारं. त्या दाराने रोज सकाळी कोण यायचं, काय उचलून न्यायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बंगल्याच्या देखण्या फोटोंमध्ये ही बाजू कधीच येत नाही. आपण आलोच आहोत तर पाहून जाऊ.

आंघोळ करा. गंगाळात पाणी काढून ठेवलंय, दोन बादल्या. तेवढ्यातच भागवायचं, कारण ते कुणीतरी खांद्यावर कावड घेऊन चढणीवरून आणलंय. पहिला तांब्या डोक्यावर ओतलात की लाल पाणी मोरीकडे धावतं. सगळा मोहर्लीचा रस्ता वाहून जातोय.

दुपार काढायची आहे. बाहेर कुणीही हलत नाही, वानरंसुद्धा. व्हरांड्यातल्या खुर्चीत पाय पसरा आणि बंगल्याचं बुक चाळा. जाड पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने कुरतडलेल्या. आला कधी, गेला कधी, कामाचं स्वरूप, शेरा. शाईचे निळे-काळे-जांभळे रंग. ‘दौरा’, ‘दौरा’, ‘तपासणी’, ‘दौरा’.

असे बंगले या सगळ्या मुलखात एका माळेतल्या मण्यांसारखे आहेत. एकापासून दुसरा बैलगाडीच्या किंवा घोड्याच्या एका मजलेवर, दहा-बारा मैलांवर. पहाटे निघावं, ऊन चढायच्या आत पुढच्या पायरीशी पोचावं. खटलं मोठं असे. पुढे रेंगीत साहेब, मागे खाचरात तंबू, फायलींच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, दुधाची बकरी. तसेच पुढे पुढे जात राहिलात तर वैनगंगा ओलांडून आल्लापल्ली लागते. तिथला साग असा की तिघांनी हात धरून कवेत घ्यावा. ओंडके ओढायला खात्याचे हत्ती. तिथलं एक सहा हेक्टरांचं जुनं रान कुणीतरी शहाणपणाने कुऱ्हाडीपासून वाचवलं. त्याला वनवैभव म्हणतात, आणि पुढे २०१४मध्ये ते जैविक वारसा स्थळ होणार आहे. आल्लापल्लीहून एक वाट भामरागडकडे जाते. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम तिथे एकमेकींना भेटतात, आणि पावसाळ्यात त्या भेटल्या की माणसांचं येणं-जाणं बंद. त्या बाजूला पावसाळ्यात अडकलेल्या पाहुण्याने निघायची तारीख सांगू नये, नदी सांगेल ती खरी. दुसरी वाट दक्षिणेला सिरोंच्याला. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि बंगल्याच्या नोकरांचं मराठी तेलुगूत मिसळून जातं. आपल्याला तिथवर जायचं नाही. एवढंच लक्षात घ्या की तुम्ही टेकून बसलेला हा व्हरांडा गोदावरीपर्यंत गेलेल्या एका लांब रस्त्यातला एक मुक्काम आहे, आणि तो रस्ता सागासाठी आखला होता, वाघासाठी नव्हे. वाघ तेव्हा वाटेत भेटायचा, एवढंच.

ऊन कललं. उठा, तळ्यावर जाऊ.

पायऱ्या उतरून वाट झाडीतून जाते आणि मग एकदम पाणी. सगळं रान वाळून कुरकुरीत झालेलं असताना हे एवढं मोठं, गच्च, हिरवट-काळं पाणी पाहून बोलणं थांबतंच. हे तळं आटत नाही. काठावरच्या चिखलात एक ओंडका पडलाय, असं तुम्हाला वाटतंय. जवळ जाऊ नका. त्या ओंडक्याला डोळे आहेत. पलीकडे वाळक्या झाडावर मत्स्यगरुड बसलाय आणि पाणकावळे पंख पसरून वाळत घातल्यासारखे उभे आहेत. पाण्यावरून वारा येतो, दिवसातला पहिला गार वारा, शेवाळाचा आणि माशांचा वास घेऊन.

काठाशी एका थोरल्या झाडाखाली तारूचं ठाणं आहे. शेंदूर, लाल-पांढरी निशाणं, मातीचे घोडे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. त्याच्यावरूनच ताडोबा. पौषात आसपासच्या गावांतले गोंड लोक इथे जत्रेला येतात. चौकीदार चप्पल नसलेल्या पायांनी पुढे जातो, वाकतो, दोन मोहफुलं वाहतो. तुम्हीही चप्पल काढा. जमीन अजून पोळतेय.

मग तो पाण्याकडे तोंड करून बसतो आणि सांगू लागतो. ही गोष्ट इथल्या बहुतेक म्हाताऱ्यांना येते. फार पूर्वी एक वऱ्हाड या डोंगरातून चाललं होतं. तहानेने जीव कासावीस. कुणीतरी दाखवलेल्या जागी उकरलं तर झरा फुटला, आणि पाणी वाढतच गेलं, वाढतच गेलं. वऱ्हाड, वाजंत्री, नवरा-नवरी, सगळं तळ्याच्या पोटात. अजूनही शांत रात्री खालून ढोल ऐकू येतो.

‘‘पन् तळं वाईट नाही जी,’’ तो लगेच म्हणतो, तुम्ही गैरसमज करून घ्याल या काळजीने. त्यानंतर इथे येणाऱ्या यात्रेकरूंना जेवायला भांडी नसत. ते काठाशी उभे राहून हात जोडत, आणि तळ्यातून भांडी वर येत. ताटं, वाट्या, हवं तेवढं. जेवण झालं की घासून-पुसून पाण्यात परत सोडायची. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. मग एका लबाडाने भांडी परत केली नाहीत, घरी नेली. घरी पोचेपर्यंत ती नाहीशी झाली. आणि तळ्याने त्या दिवसापासून कुणाला काही दिलं नाही.

‘‘एका मान्साच्यानं,’’ चौकीदार एक बोट वर करतो. ‘‘एकाच.’’

अंधार पडायच्या आत परत. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास अंगण ओलांडून आलाय. खानसामा तुमचीच वांगी शिजवतोय, पण वर जे भुरभुरलंय ते त्याच्या परड्यातलं. ‘‘सांबार टाकला जी,’’ तो सांगतो आणि तुम्ही भिंतीवरच्या शिंगांकडे पाहता. घाबरू नका, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तुमचा शहरी तांदूळ बाजूला ठेवून त्याने आपल्या डब्यातला काढलाय, झाडीपट्टीचा. हा धानाचा मुलूख आहे. इथे पाहुण्याला भात नीट न वाढणं म्हणजे घराची लाज. याच जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आपल्या बांधीतून एचएमटी तांदूळ निवडून काढतील, त्याला अजून दोन दशकं आहेत. पण आजचाही खाऊन पाहा. वाफेबरोबर त्याचा स्वतःचा वास येतो. वर तुरीचं वरण, जवसाची चटणी, कडेला लाल ठेचा. कंदिलाभोवती किडे आपटतायत आणि एखादा तुमच्या ताटात पडतो. काढून टाका आणि जेवत राहा.

जेवण झाल्यावर खानसामा भांडी गोळा करताना ओठांत पुटपुटतो. नीट ऐका, तो मोजतोय.

खोलीत आता झोपवणार नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्मा परत करतात. पलंग व्हरांड्यात ओढा. विदर्भात चैत्रात कोण आत झोपतं? मच्छरदाणी बांधा, कडा गादीखाली खोचा. चौकीदार कंदिलाची वात बारीक करून पायरीवर ठेवतो.

‘‘झोपा बिनघोर. पन् पायरीच्या खाली उतरू नका रातच्याले.’’

‘‘वाघ येतो?’’

‘‘येते जी. पन् सांगून नाही येत.’’

चंद्र वर येतोय, पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली आहे. मच्छरदाणीच्या जाळीतून सगळं रान दुधात भिजल्यासारखं दिसतं. आणि मग तुमच्या लक्षात येतं की दिसण्याचा फारसा उपयोग नाही. कान उघडा. रातव्याची टकटक, जणू कुणी दूरवर लाकडावर हातोडी मारतंय. टिटवीचं आकांताने ओरडत जाणं. कवेलूंवरून उंदीर की घूस. वाळलेल्या पानांवर पावलं, थांबून थांबून. कोण? साळिंदर असेल. पुन्हा शांतता. तुमचा श्वास तुम्हालाच मोठा वाटू लागतो.

मग तळ्याच्या पलीकडून सांबर ओरडतं. ‘ढाँक!’ एकदाच. तुमच्या मणक्यातून काहीतरी सरसरत जातं. परत ‘ढाँक!’, आता थोडं डावीकडे. चितळांची शीळ. वानर झोपेतून जागं होऊन खोकतं. चौकीदार व्हरांड्याच्या टोकाला कांबळ्यावर पडलाय, तो डोळे न उघडताच हळू बोलतो, ‘‘मोठा हाय. पान्यावरून वर निंघाला.’’ त्याला कसं कळलं? त्याने काहीच पाहिलेलं नाही. एका आवाजापासून दुसऱ्या आवाजापर्यंत त्याने अंधारात एक रेघ ओढली आणि त्या रेघेवर वाघ चालतोय. पंधरा मिनिटं तुम्ही त्या न दिसणाऱ्या जनावराबरोबर चालत राहता. शेवटचा आवाज टेकडीमागून येतो, मग काही नाही.

मला ही पंधरा मिनिटं फार मोलाची वाटतात, म्हणून तर तुम्हाला इथवर आणलं. आज या रानाची राखण जास्त नेटकी आहे. १९८६मध्ये अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, गाभाच ६२५ चौरस किलोमीटरांचा. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं उठून बाहेर वसली. सूर्य मावळायच्या आत शेवटची जिप्सी गेटाबाहेर पडलीच पाहिजे, आणि ते योग्यच आहे, रात्र जनावरांना मिळाली. पण भर दुपारी दहा जिप्सींमधून वाघ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला ही कानांनी पाहिलेली वाट कशी सांगावी, हे मला उमगत नाही. तुम्हाला आता सांगावी लागणार नाही. तुम्ही ऐकलीत.

झोपा थोडं.

जाग येते ती वासाने. गोड, जड, किंचित आंबूस, ओल्या गुळात कस्तुरी मिसळावी तसा. अजून पुरतं उजाडलेलं नाही. अंगणाच्या कडेच्या मोहाखाली कुणीतरी वाकलंय. चौकीदाराची बायको आहे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, शेजारी पाच-सहा वर्षांची नात. काल संध्याकाळी तिने झाडाखालचा पाचोळा झाडून जमीन मोकळी केली होती. आता त्या स्वच्छ मातीवर फुलं पडतायत. टप. टप. थांबून पुन्हा टप.

उतरा आता, उजेड आहे. एक फूल उचला. फूल कसलं, पिवळसर पांढरा, रसाने टम्म भरलेला मणी. देठ नाही, पाकळ्या उलगडलेल्या नाहीत. बोटांत दाबलंत तर चिकट रस येतो. खा. आधी गोड, मग घशाशी थोडं उग्र. ही फुलं वाळली की तांबूस मनुक्यांसारखी दिसतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की हीच शिजवून खाल्ली जातात. दारू तर होतेच, पण आधी हे अन्न आहे. आजीचे हात वेचताना दिसतच नाहीत, टोपली मात्र भरत जाते. नात एक वेचते, एक खाते.

‘‘अस्वलही हेच वेचते सकारी,’’ आजी मान वर न करता सांगते. ‘‘ते त्या झाडाखाली, मी या. मी गानं म्हनत येतो. त्याले समजते, मंग जाते ते.’’

ती खरंच गुणगुणतेय. आता कळलं, पहाटे अर्धवट झोपेत ऐकू आलेला तो सूर कुठला होता.

निघायची वेळ झाली. जीप दहा वाजता येईल, ऊन डोक्यावर यायच्या आत चांदा गाठायचा आहे. बुकात नाव लिहा. ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात तुमचा टाक थोडा थांबतो, मग तुम्ही लिहिता, ‘जंगल पाहणे’. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहू नका, ते कुणी वाचणार नाही. त्याऐवजी मागे जाऊन खानसाम्याच्या आणि आजीच्या हातात काय ते द्या, आणि उरलेला शिधा तिथेच ठेवा.

खानसाम्याने जेवणाच्या टेबलावर भांडी मांडली आहेत. निळ्या कडेच्या बशा, सहा. कप सहा, त्यातला एक बिनकानाचा, तो आधीपासून तसाच असल्याचं यादीत लिहिलंय. ताटं सहा. चमचे… तो पुन्हा मोजतो. पाच.

कुणी काही बोलत नाही. चौकीदार दाराशी उभा आहे, त्याचा चेहरा कालच्या गोष्टीच्या शेवटी होता तसा झालाय. चमचा ॲल्युमिनियमचा, बाजारात त्याला काय किंमत असेल! पण तुमचे कान तापतात. तुम्ही होल्डॉल सोडता, चादर झटकता, पिशवी उलटी करता. व्हरांड्यात पलंगाखाली वाकता. काल रात्री इथे बसून चहा घेतला होता, साखर ढवळली होती, आणि मग ते सांबर ओरडलं होतं.

कठड्याच्या खाचेत चमचा आहे. त्याच्या खोलगट भागात साखरेचा एक वाळका कण आणि त्याला लागलेली मुंग्यांची रांग.

चौकीदार तो उचलतो, मुंग्या फुंकरीने हलकेच उडवतो, धोतराच्या टोकाने पुसतो आणि आत नेऊन पाचांच्या शेजारी ठेवतो.

‘‘सहा,’’ खानसामा म्हणतो. ‘‘या जी पुन्हा.’’